तिरोड्याची वीज, क्वीन्सलँडचा कोळसा आणि वृत्तपत्रांचे मालक

नागपूरहून रेल्वेने गोंदियाकडे निघालेल्या प्रवाशाला तिरोड्याच्या आसपास धानाच्या बांध्यांपलीकडे वीजकेंद्राची उंच धुराडी दिसू लागतात. अदानी समूहाच्या या केंद्रात प्रत्येकी ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत. ते २०१२ ते २०१४ या काळात एकामागून एक सुरू झाले. एकूण क्षमता ३,३०० मेगावॉट. महाराष्ट्रात याहून मोठे औष्णिक वीजकेंद्र नाही. त्याला पाणी लागते ते वैनगंगेचे आणि त्याची वीज उच्च दाबाच्या वाहिन्यांवरून कोराडी, अकोला करीत पार मराठवाड्यापर्यंत जाते. याच समूहाची एक कोळशाची खाण गोंदियापासून हजारो मैलांवर, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात आहे. कारमायकल हे तिचे नाव. तिरोड्याचे केंद्र आणि कारमायकलची खाण या दोहोंच्या योजना साधारणतः एकाच काळातल्या. परंतु त्या खाणीवरून एका देशाचे राजकारण दहा वर्षे ढवळून निघाले, बँकांना आपली धोरणे जाहीर करावी लागली, मंत्र्यांची आणि पक्षांची अब्रू पणास लागली. उलट तिरोड्याच्या केंद्रासंबंधी गोंदिया जिल्ह्यातील वाचकाला जे कळायला हवे होते, त्याचा चतकोरही त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. तिरोडा आणि क्वीन्सलँड यांच्यातले हे अंतर कशाने पडले, हा प्रश्न केवळ एका उद्योगसमूहापुरता मर्यादित नाही. अफाट संपत्ती, वृत्तपत्रे आणि लोकशाही यांचा परस्परांशी संबंध काय असावा, हा तो प्रश्न आहे, आणि ऑस्ट्रेलियातील डाव्या विचारांची मंडळी गेली पन्नास वर्षे तो उपस्थित करीत आली आहेत.

कारमायकलची हकीगत सांगण्यासारखी आहे. अदानी समूहाने २०१० साली क्वीन्सलँडच्या गॅलिली खोऱ्यातील हे कोळसाक्षेत्र विकत घेतले. पाठोपाठ २०११ साली अ‍ॅबट पॉइंट येथील बंदराचा धक्का ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतला. त्यासाठी १८३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मोजले. वर्षाला सहा कोटी टन कोळसा काढण्याची मूळ योजना होती. खाणीमुळे १०,००० लोकांना काम मिळेल, असे जाहिरातींतून सांगितले जात होते. पुढे क्वीन्सलँडच्या भूमी न्यायालयात २०१५ साली कंपनीच्याच अर्थतज्ज्ञाची साक्ष झाली, तेव्हा हा आकडा सरासरी १,४६४ वर आला. नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रिस्बेनच्या जी-२० परिषदेच्या सुमारास भारतीय स्टेट बँकेने या खाणीसाठी १०० कोटी अमेरिकी डॉलर कर्जाचा सामंजस्य करार केला. ते कर्ज प्रत्यक्षात कधी दिले गेले नाही. खाणीच्या रेल्वेमार्गासाठी संघराज्याच्या निधीतून ९० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर सवलतीच्या दराने मिळण्याची शक्यता होती. २०१७ अखेर क्वीन्सलँडच्या मजूर पक्षाच्या मुख्यमंत्री अ‍ॅनास्टेशिया पॅलाशे यांनी त्यास नकाराधिकार वापरला. अखेर २०१८ साली कंपनीने योजना कितीतरी लहान केली, स्वतःच्या पैशाने खाण खणण्याचे ठरवले आणि डिसेंबर २०२१ मध्ये पहिला कोळसा बाहेर पडला. मधल्या काळात, ऑगस्ट २०१९ मध्ये, राज्य सरकारने वांगान आणि जगालिंगू या मूळ निवासींचा तेथील १,३८५ हेक्टर जमिनीवरील परंपरागत हक्क संपुष्टात आणला. ज्यांनी न्यायालयात दाद मागितली, त्यांच्यावर खर्चाचा बोजा पडून दिवाळखोरीची पाळी आली. आपले नाव बदनाम झाल्याचे पाहून कंपनीने २०२० साली ‘ब्राव्हस’ असे नवे नाव धारण केले. हा लॅटिन शब्द शूर या अर्थी आहे असा तिचा समज होता. तो मारेकरी, दरोडेखोर अशा अर्थाने वापरला जात असे, हे भाषेच्या जाणकारांनी लगेच दाखवून दिले. एवढा पैसा हाताशी असताना एखाद्या लॅटिनच्या शिक्षकाला विचारून घेणे जड नव्हते.

गॅलिली खोऱ्यातील कोळशाकडे वळलेला हा एकटाच भारतीय उद्योगसमूह नव्हे. शेजारची अल्फा आणि केव्हिन्स कॉर्नर ही क्षेत्रे हैदराबादच्या जीव्हीके समूहाने २०११ साली १२६ कोटी अमेरिकी डॉलरला घेण्याचा करार केला. विकणाऱ्या बाई होत्या जीना राइनहार्ट. वडील लँग हँकॉक यांच्याकडून आलेल्या लोहखनिजाच्या वारशावर त्या ऑस्ट्रेलियातील सर्वांत धनाढ्य व्यक्ती झाल्या. २०१० साली पंतप्रधान केव्हिन रड यांनी खाणमालकांच्या अवाजवी नफ्यावर कर बसवण्याचे जाहीर केले, तेव्हा पर्थ येथे निषेधसभेत मालट्रकवर उभे राहून घोषणा देणाऱ्यांत राइनहार्ट होत्या. कर नको म्हणून अब्जाधीशांनी रस्त्यावर उतरावे, हे दृश्य दुर्मीळच! खाणमालकांनी काही आठवड्यांत जाहिरातींवर सुमारे २.२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च केले. जूनअखेर रड यांच्याच पक्षाने त्यांना पदावरून दूर केले. त्यांच्या जागी आलेल्या ज्युलिया गिलार्ड यांनी मोठ्या खाण कंपन्यांशी वाटाघाटी करून कर सौम्य केला. तो २०१२ साली लागू झाला आणि २०१४ साली टोनी अ‍ॅबट यांच्या सरकारने मोडीत काढला.

राइनहार्ट यांचे लक्ष याच काळात वृत्तमाध्यमांकडे वळले, हा योगायोग मानणे कठीण आहे. २०१० साली त्यांनी एका दूरचित्रवाणी कंपनीत भाग घेतला. २०१२ साली सिडनी आणि मेलबर्नची जुनी, प्रतिष्ठित दैनिके चालवणाऱ्या फेअरफॅक्स कंपनीच्या त्या सर्वांत मोठ्या भागधारक झाल्या. संचालक मंडळावर जागा हवी, पण संपादकीय स्वातंत्र्याच्या सनदेवर सही करणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. मंडळाने नकार दिला, आणि २०१५ साली त्यांनी भाग विकून टाकले. ती सनद म्हणजे एक कागदच होता. पण तो मालकाच्या वाटेत आडवा आला.

रूपर्ट मर्डॉक यांच्या वृत्तपत्रांत मात्र असा कागद कोणाच्या आड आला नाही. वडिलांमागून अ‍ॅडिलेडच्या एका दैनिकाची मालकी हाती आलेल्या मर्डॉक यांनी १९६४ साली ‘दि ऑस्ट्रेलियन’ हे देशव्यापी दैनिक काढले. १९७२ साली त्यांच्या पत्रांनी मजूर पक्षाच्या गॉफ व्हिटलम यांना उचलून धरले आणि १९७५ साली तितक्याच जोराने खाली ओढले. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी गव्हर्नर जनरलांनी व्हिटलम यांना बडतर्फ केल्यानंतरच्या निवडणुकीत ‘दि ऑस्ट्रेलियन’च्या बातम्या इतक्या एकतर्फी होऊ लागल्या की, त्याच्या बातमीदारांनीच संप पुकारला. आपल्याच मालकाच्या पक्षपाताविरुद्ध पत्रकारांनी काम बंद ठेवावे, अशी उदाहरणे जगाच्या वृत्तपत्रांच्या इतिहासात फार नाहीत. १९८७ साली मर्डॉक यांनी हेरल्ड अँड वीकली टाइम्स ही मोठी वृत्तपत्र कंपनी ताब्यात घेतली आणि देशातील दैनिकांच्या खपाचा बहुतांश वाटा एका घराण्याकडे गेला. ब्रिस्बेनसारख्या राजधानीच्या शहरात एकच मोठे दैनिक उरले, तेही त्यांचेच. या मक्तेदारीची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमा, असा अर्ज २०२० साली केव्हिन रड यांनी संसदेपुढे ठेवला, तेव्हा त्यावर पाच लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. त्यांत विरुद्ध पक्षाचे माजी पंतप्रधान माल्कम टर्नबुल हेही होते. पुढच्या वर्षी सिनेटच्या समितीने न्यायिक चौकशीची शिफारस केली. २०२२ साली मजूर पक्ष सत्तेवर आला. चौकशी झाली नाही.

येथपर्यंत डाव्या मंडळींचे म्हणणे मान्य होण्याजोगे आहे. पण त्यांच्यातील अनेकांना आपल्या प्रत्येक पराभवामागे मर्डॉक यांचा हात दिसतो, आणि तेथे त्यांचा तर्क लटका पडतो. २०१९ ची निवडणूक मजूर पक्ष जिंकणार असे सर्व अंदाज सांगत होते. निवडणुकीच्या ऐन धामधुमीत हरित पक्षाचे माजी नेते बॉब ब्राउन मोटारींचा ताफा घेऊन दक्षिणेकडून क्वीन्सलँडच्या कोळसापट्ट्यात खाणीच्या निषेधार्थ गेले. खाण झाली तर पोराला काम मिळेल, अशी आशा धरून बसलेल्या गावांत दूरच्या शहरांतील सुस्थित लोकांनी येऊन पर्यावरणाचा उपदेश करावा, याची चीड तेथील कामगारांना आली. ती चीड काही वर्तमानपत्राने शिकवलेली नव्हती. त्या पट्ट्यात मजूर पक्षाची मते धडाधड कोसळली. या अनुभवातून डाव्यांनी जे शिकायला हवे होते ते असे की, श्रीमंताविरुद्धचा लढा गरिबाच्या रोजगारावर पाय देऊन लढता येत नाही. त्याच निवडणुकीत क्लाइव्ह पामर या खाणमालकाने आपल्या पक्षाच्या प्रचारावर कोट्यवधी डॉलर उधळले आणि एकही जागा मिळवली नाही. २०२२ साली त्याहून अधिक उधळून सिनेटची एक जागा पदरात पडली. २०२२ आणि २०२५ या दोन्ही निवडणुका मर्डॉक यांच्या पत्रांच्या विरोधाला न जुमानता अँथनी अल्बनीज यांच्या मजूर पक्षाने जिंकल्या. २०२५ साली तर १५० पैकी ९४ जागा मिळाल्या आणि विरोधी पक्षनेत्याला स्वतःची जागाही राखता आली नाही.

मग पैसा आणि वृत्तपत्रे निष्प्रभ आहेत, असे समजायचे काय? तसे नाही. निवडून येणे आणि निवडून आल्यावर काही करण्याचे धाडस होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. इतक्या मोठ्या बहुमताच्या पक्षाने खाणींच्या नफ्यावरील कराचा विषय पुन्हा काढला नाही, माध्यमांच्या मक्तेदारीची चौकशी केली नाही, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तीन कोळसा खाणींची मुदत वाढवून दिली. २०१० साली रड यांचे जे झाले त्याची आठवण प्रत्येक मंत्र्याच्या मनात आहे. खाणमालकांना त्या जाहिरातींच्या मोबदल्यात मिळाले ते हे, आणि ते पामर यांच्या उधळपट्टीपेक्षा कितीतरी स्वस्त पडले.

एवढी मक्तेदारी असूनही कारमायकलची चर्चा झाली, याचे कारण तेथे मालकांच्या कक्षेबाहेरची काही ठिकाणे शिल्लक होती. ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन ही १९३२ साली स्थापन झालेली संस्था सरकारच्या पैशाने चालते, पण बातमी सरकारला विचारून देत नाही. २०१७ साली तिच्या प्रतिनिधींनी भारतात मुंद्र्याला जाऊन या समूहावर कार्यक्रम केला. त्या भेटीत गुजरात पोलिसांनी त्यांची तासन्‌तास विचारपूस केली, हेही त्यांनी प्रेक्षकांना सांगितले. न्यायालयातील साक्षी उघड होत्या आणि त्या वाचणारे बातमीदार होते. १,४६४ हा आकडा अशा वाचनातूनच बाहेर आला.

आता गोंदियाकडे वळावे. तिरोड्याच्या केंद्राला कोळसा मिळायचा होता तो चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा क्षेत्रातून. हे क्षेत्र ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाला लागून. चंद्रपूरच्या निसर्गप्रेमींनी आंदोलन केले, उपोषण केले, आणि २०१० च्या सुरुवातीस केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने या खाणीची प्रक्रिया थांबवली. वाघांचे जंगल वाचले, हे चांगलेच झाले. त्या विजयाच्या बातम्या ठळक छापून आल्या. परंतु गोष्ट तेथे संपली नव्हती. स्वस्त कोळसा गेला, महाग कोळसा घ्यावा लागतो, तेव्हा वाढीव खर्च भरून द्या, असा दावा कंपनीने मांडला. राज्य वीज नियामक आयोग, मग दिल्लीचे अपील न्यायाधिकरण, मग सर्वोच्च न्यायालय, अशी त्याची वाटचाल झाली. शेवटी २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने महावितरणचे अपील फेटाळले आणि कंपनीची भरपाई कायम झाली. कायद्यातील बदलाचा भार वीज घेणाऱ्याने सोसायचा, असे करारात होते, आणि न्यायालयाने कराराचा अर्थ लावला. त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण वीज घेणारा म्हणजे महावितरण, आणि महावितरण म्हणजे शेवटी तिचा ग्राहक. ताडोबाचे जंगल वाचवण्याची किंमत आमगावचा भातगिरणीवाला आणि सडक अर्जुनीचा धान उत्पादक आपल्या बिलातून भरतो, हे त्याला कोणत्या दैनिकाने समजावून सांगितले? कृषिपंपाला दिवसा वीज द्या म्हणून तो वर्षानुवर्षे मोर्चे काढतो. राज्यातील सर्वांत मोठे वीजकेंद्र आपल्याच जिल्ह्यात असताना ही पाळी का यावी, याचा उलगडा त्याला कोणी केला नाही. दडपणामुळेच असे झाले, असे म्हणता येणार नाही. जिल्हा बातमीदाराचे तुटपुंजे मानधन, जाहिराती मिळवण्याचे त्याच्याच गळ्यात असलेले काम आणि वीजदराच्या विषयाचा किचकटपणा, ही कारणेही तितकीच खरी आहेत. पण ही कारणे कोणाच्या पथ्यावर पडतात, हे सांगायला नको.

भारतातील वृत्तपत्रांच्या मालकीचा प्रश्न काही काल उद्भवलेला नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४३ साली पुण्यात न्या. रानडे यांच्यावर व्याख्यान देताना, पत्रकारितेचा व्यवसाय आता धंदा झाला आहे, अशी तिखट टीका केली होती. (त्यांनाच १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत, म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्याचा समावेश असलेल्या मुलखात, पराभव पत्करावा लागला.) न्या. राजाध्यक्ष यांच्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली पानांच्या संख्येवर किंमत बांधून देण्याची सूचना केली. धनाढ्य पत्रांनी स्वस्तात जास्त पाने देऊन लहान पत्रांचा गळा घोटू नये, हा तिचा हेतू होता. १९५६ साली तसा कायदा झाला. त्याला आव्हान दिले ते एका मराठी दैनिकाने, पुण्याच्या ‘सकाळ’ने, आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. निर्णय योग्यच होता. वृत्तपत्राची पाने मोजण्याचा अधिकार सरकारच्या हाती गेला असता तर त्याचे काय झाले असते, हे १९७५ साली सर्वांनी पाहिले. पण आजार खरा होता आणि औषध चुकीचे होते, एवढाच त्या निकालाचा अर्थ. न्या. मॅथ्यू यांच्या दुसऱ्या आयोगाने १९८२ साली वेगळे औषध सुचवले: वृत्तपत्रांची मालकी इतर उद्योगधंद्यांपासून अलग करावी. २०१४ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणानेही माध्यमांतील मालकीवर निर्बंध घालण्याची शिफारस केली. दोन्ही अहवाल दप्तरी पडून आहेत.

दरम्यानच्या काळात घडायचे ते घडले. २०१४ साली रिलायन्सने नेटवर्क-१८ ताब्यात घेतले. २०२२ साली अदानी समूहाने, एका जुन्या कर्जाच्या करारातून चालून आलेल्या हक्काचा उपयोग करून, एनडीटीव्ही या वाहिनीत प्रवेश मिळवला आणि वर्षअखेर तिची बहुसंख्य मालकी घेतली. त्याच वर्षी या समूहाचे प्रमुख काही काळ जगातील तिसरे सर्वांत श्रीमंत गृहस्थ गणले गेले. त्याआधी २०१७ साली मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या प्रतिष्ठित साप्ताहिकाने या समूहासंबंधी लेख छापला. वकिलाची नोटीस आली, विश्वस्तांनी लेख काढून घेण्यास सांगितले आणि संपादकांनी राजीनामा दिला. राइनहार्ट यांना सनदेवर सही करा म्हणून अडवणारे संचालक मंडळ येथे कोठेच नव्हते.

संपत्तीच्या केंद्रीकरणाला राज्याने पूर्वी हात घातला नव्हता असे नाही. गोंदिया-भंडाऱ्याचा मुलूख हा मालगुजारांचा. आजही येथील शेती ज्या मामा तलावांवर जगते, ते माजी मालगुजारांच्या काळातले. मालगुजाराची सत्ता जाचक होती, पण ती दिसत होती. ती त्याच्या गावांच्या शिवेपाशी संपत होती. १९५१ साली जुन्या मध्य प्रदेश सरकारने एका कायद्याने ती मोडून काढली. १९५३ साली केंद्राने वारसाकर आणला, १९५७ साली संपत्तीकर. पुढे १९८५ साली वारसाकर गेला आणि २०१५ साली संपत्तीकरही. योगायोग असा की, ऑस्ट्रेलियात वारसाकर सर्वप्रथम रद्द केला तो क्वीन्सलँडने, १९७७ साली. पाठोपाठ सारा देश त्या वाटेने गेला. आज भारतात वरच्या एक टक्का लोकांकडे देशाची ४०.१ टक्के संपत्ती एकवटली आहे, असा वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अर्थतज्ज्ञांचा २०२२-२३ सालासाठीचा अंदाज आहे. हे कर वसुलीच्या खर्चाच्या मानाने फारसे उत्पन्न देत नव्हते, हा ते रद्द करण्यामागील युक्तिवाद. शेतकऱ्याला पंपाचे बिल भरायला लावण्यात सरकारला असा हिशेब कधी आठवल्याचे ऐकिवात नाही.

मॅथ्यू आयोगाची शिफारस अमलात आणायला घटनादुरुस्ती लागत नाही. संसदेची इच्छा लागते. प्रसारभारतीला १९९७ पासून कागदावर असलेली स्वायत्तता प्रत्यक्षात द्यायलाही तेवढेच लागते. नागपूर आकाशवाणीने वीजदराच्या आदेशाचा अर्थ वऱ्हाडी-झाडीच्या श्रोत्यांना त्यांच्या बोलीत सांगितला, तर त्यासाठी कोणा उद्योगपतीची परवानगी काढावी लागणार नाही. तूर्त मात्र तिरोड्याच्या भरपाईसंबंधीचे मूळ आदेश शेकडो पानांचे आहेत, इंग्रजीत आहेत, आणि अर्जुनी मोरगावच्या ज्या शेतकऱ्याच्या बिलात ती रक्कम चढते, त्याच्या बिलावर तिचे नावही छापलेले नसते.